अभ्यासाचा विषय आम्ही, अभ्यासक कोण?

कुळगाव पूर्वेच्या एका बुद्धविहारात महाविद्यालयीन मुलामुलींसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. स्पर्धा परीक्षा, बँकेची परीक्षा, रेल्वेची भरती असे नेहमीचे प्रश्न झाले. शेवटी समाजशास्त्रात एम. ए. करणारी एक मुलगी उभी राहिली. रोज बदलापूरहून लोकलने कुर्ल्याला उतरायचे आणि तिथून कालिन्याच्या विद्यापीठात जायचे, हा तिचा दिनक्रम. तिने विचारले, "सर, गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून इथे आल्या आणि महात्मा फुल्यांच्या चळवळीवर अभ्यास करून डॉक्टर झाल्या. मला इथून अमेरिकेत जाऊन आपल्याच वस्तीवर डॉक्टर होता येईल का?" विहारात थोडे हसू पिकले. मार्गदर्शकांनी संगणक आणि व्यवस्थापन या विषयांचे महत्त्व सांगून वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली.

हसण्यासारखे त्यात काहीही नव्हते. गेल्या साठ वर्षांत आपल्या समाजावर, आपल्या धम्मावर, आपल्या चळवळीवर परदेशी विद्यापीठांत ढिगाने ग्रंथ लिहिले गेले. त्यांतल्या काही ग्रंथांनी आपल्याला खूप दिले. परंतु ज्यांच्यावर ते लिहिले गेले त्यांच्या मुलांनी त्याच विद्यापीठांत जाऊन तोच विषय का घेऊ नये, हा त्या मुलीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी गेल ऑम्व्हेट यांचा प्रवास नीट समजून घ्यावा लागेल.

गेल ऑम्व्हेट यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात झाला. मिनेसोटा राज्यातल्या कार्ल्टन कॉलेजात त्यांचे पदवीचे शिक्षण झाले. १९६३-६४ मध्ये फुलब्राइट योजनेतून इंग्रजी शिकवण्यासाठी त्या प्रथम भारतात आल्या. परत जाऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील समाजशास्त्र विभागात त्यांनी पुढचे शिक्षण घेतले. १९७०-७१ मध्ये संशोधनासाठी पुन्हा महाराष्ट्रात आल्या. १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९७३ मध्ये, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेला बरोबर शंभर वर्षे होत असताना, त्यांना डॉक्टरेट मिळाली. हा प्रबंध १९७६ मध्ये मुंबईतून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 'वसाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड' या नावाने तो मराठी वाचकांनाही ठाऊक आहे.

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मिनियापोलिसची एक तरुणी मराठी शिकून जोतिरावांच्या चळवळीवर प्रबंध लिहिते, हा निव्वळ योगायोग नव्हता. त्यामागे अमेरिकन शासनाचे एक धोरण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका जगाची सत्ता झाली. ज्या देशांवर प्रभाव ठेवायचा त्या देशांची भाषा, धर्म, जाती, राजकारण यांची माहिती तिला हवी होती. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेचे धाबे दणाणले. १९५८ मध्ये तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्यातून जगातल्या एकेका प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. दक्षिण आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशी ही केंद्रे. यालाच क्षेत्रीय अध्ययन म्हणतात. कायद्याच्या नावातच 'संरक्षण' हा शब्द आहे. हे ज्ञान निव्वळ ज्ञानासाठी नव्हते, हे त्या नावानेच सांगून टाकले.

या कथेचा एक धागा आपल्या रेशनच्या दुकानापर्यंत येतो. साठच्या दशकात रेशनवर मिळणारा अमेरिकन गहू आणि तांबडी मिलो आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हे धान्य पीएल-४८० या कायद्याखाली येत होते. त्याची किंमत भारत रुपयांत चुकती करीत असे. हे रुपये अमेरिकेच्या खात्यावर इथेच साचत. १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून भारतीय भाषांमधली पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकेच्या मोठ्या ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. मराठी पुस्तकेही त्यात होती. म्हणजे आपल्या आईबापांनी मिलोची भाकरी खाल्ली, त्याचे पैसे देशाने मोजले आणि त्या पैशांतून मराठी पुस्तके सातासमुद्रापार शिकागो, पेनसिल्व्हानिया, बर्कलेच्या कपाटांत जाऊन बसली. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात जे मिळत नाही ते तिथे मिळते, यामागचे इंगित हे आहे.

असे असेल तर गेल ऑम्व्हेट आणि त्यांच्यासारखे अभ्यासक म्हणजे परकीय सत्तेचे हस्तक होते काय? चळवळीत असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आम्हाला हे मत मान्य नाही. सरकारने पैसा एका हेतूने दिला, अभ्यासकाने तो दुसऱ्या हेतूने वापरला, असे ज्ञानाच्या क्षेत्रात अनेकदा घडते. साठच्या दशकातले बर्कले हे विद्यार्थी आंदोलनाचे आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाचे केंद्र होते. गेल त्या वातावरणात घडल्या. त्यांनी संस्कृत ग्रंथांतला भारत अभ्यासाला घेतला नाही. दिल्लीच्या सत्ताधाऱ्यांचा भारतही घेतला नाही. त्यांनी 'दीनबंधु', 'दीनमित्र' यांसारखी सत्यशोधकांची वृत्तपत्रे वाचली आणि खेड्यापाड्यांत फिरून कार्यकर्त्यांच्या घरातली कागदपत्रे धुंडाळली. जो इतिहास आपल्या विद्यापीठांना इतिहासच वाटत नव्हता, तो त्यांनी समाजशास्त्राच्या दरबारात नेऊन ठेवला.

याच काळातले दुसरे नाव एलिनॉर झेलियट यांचे आहे. त्या इतिहासाच्या अभ्यासक. १९६९ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने त्यांना डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली. पुढे कार्ल्टन कॉलेजात, म्हणजे ज्या कॉलेजात गेल शिकल्या तिथेच, त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९९२ साली त्यांच्या लेखांचा 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' हा संग्रह आला. जून २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेरा वर्षे झाली असताना अमेरिकेतले एक विद्यापीठ त्यांच्या चळवळीवर डॉक्टरेट देते, ही गोष्ट साधी नाही.

नागपूरच्या वसंत मून यांचे नाव इथे कृतज्ञतेने घेतले पाहिजे. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले, त्यांचे ते संपादक. त्यांच्या 'वस्ती' या आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अनुवाद गेल ऑम्व्हेट यांचा आणि प्रस्तावना एलिनॉर झेलियट यांची. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या मुलाची गोष्ट अमेरिकन विद्यार्थ्यांच्या बाकावर पोहोचली ती अशी. यात कोण कोणाचा ऋणी? आम्ही म्हणतो, दोघेही एकमेकांचे. मून यांच्यासारख्या माणसांनी कागद जपले नसते तर परदेशी अभ्यासकांना लिहायला काय मिळाले असते?

गेल ऑम्व्हेट यांचा खरा वेगळेपणा डॉक्टरेट मिळाल्यानंतर दिसतो. क्षेत्रीय अध्ययन करणारे बहुतेक विद्वान क्षेत्रात येतात, माहिती गोळा करतात, परत जातात आणि प्राध्यापक होतात. गेल परत गेल्या नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले कासेगाव हे त्यांचे घर झाले. सासू इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या होत्या. घरात गेल यांना शलाका म्हणत. १९८३ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. श्रमिक मुक्ती दल, दुष्काळग्रस्तांचे आणि धरणग्रस्तांचे लढे, परित्यक्ता स्त्रियांचे संघटन यांत त्या वावरल्या. जे क्षेत्र अभ्यासायला आल्या तेच त्यांनी आपले घर केले.

त्यांच्या शैक्षणिक कारकिर्दीकडे नीट पाहा. पुणे विद्यापीठातील फुले-आंबेडकर अध्यासन, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातील डॉ. आंबेडकर अध्यासन, दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयातील अधिछात्रवृत्ती, कोपनहेगनची आशियाई अध्ययन संस्था. नावे मोठी आहेत. पण आयुष्याचा बराच मोठा काळ त्या कुठल्याही विद्यापीठाच्या कायम नोकरीत नव्हत्या. व्याख्याने, अधिछात्रवृत्त्या, वृत्तपत्रांतले स्तंभ यांवर त्यांची गुजराण चाले. आणि ग्रंथ? १९९४ मध्ये 'दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रेव्होल्यूशन', १९९५ मध्ये 'दलित व्हिजन्स', २००३ मध्ये भारतातील बौद्ध धम्मावरचा ग्रंथ, २००४ मध्ये बाबासाहेबांचे चरित्र, २००८ मध्ये 'सीकिंग बेगमपुरा'. आमच्या विद्यापीठांत कायम पगारावर आयुष्य काढून एकही ग्रंथ न लिहिलेल्यांची संख्या किती आहे, हे वाचकांना सांगायला नको. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

त्यांच्या सर्व मतांशी आपण सहमत असले पाहिजे असे मुळीच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेविषयी त्यांना आस्था होती. खुल्या अर्थव्यवस्थेचे त्यांनी ज्या उत्साहाने स्वागत केले, तो उत्साह आंबेडकरी कार्यकर्त्यांना पटणे शक्य नव्हते. सरकारी नोकऱ्या आटल्या म्हणजे आरक्षण कागदावर उरते, हे अंबरनाथ-उल्हासनगरच्या कामगार वस्तीला कोणी शिकवण्याची गरज नाही. धरणांच्या आणि बियाण्यांच्या प्रश्नांवरही त्यांचे अनेक पुरोगामी मित्रांशी खटके उडाले. परंतु त्या वाद घालत होत्या त्या आपल्यात राहून. परदेशातून निकाल देत नव्हत्या. मतभेद असलेल्या माणसाचेही पुस्तक वाचायचे असते, हा धडा बाबासाहेबांनीच दिला आहे. आपण तो विसरता कामा नये.

२००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न तिथे नेला. भारत सरकारने त्याला कडाडून विरोध केला. आंद्रे बेते यांच्यासारख्या ज्येष्ठ समाजशास्त्रज्ञांनी जातीला वंशाच्या पंक्तीत बसवणे शास्त्राला धरून नाही, अशी भूमिका घेतली. गेल ऑम्व्हेट यांनी मात्र दलित संघटनांची बाजू घेऊन इंग्रजी वृत्तपत्रांत लिहिले. जात म्हणजे वंश नव्हे हे तर बाबासाहेबांनीही सांगून ठेवले होते. दरबानमधला मुद्दा वेगळा होता. जन्मावरून माणसाला हीन लेखणे हा जगाच्या विचाराचा विषय आहे की नाही, एवढाच तो प्रश्न होता. त्या वादात समाजशास्त्राची पदवी असलेली माणसे दोन्ही बाजूंना होती. म्हणून शास्त्र कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ. कारण या साऱ्या प्रवासाची सुरुवात तिथे आहे.

१९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, ती वरच्या वर्गाने स्वतःभोवती घातलेली कुंपणे आहेत आणि खालच्यांनी त्यांचे अनुकरण केले, असे त्यांनी पाश्चात्त्य विद्वानांना सुनावले. पुढच्याच वर्षी हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. भारतीय समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला मानाचे स्थान मिळायला मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला.

कोलंबियात बाबासाहेबांनी काय अभ्यासले ते पाहा. प्राचीन भारतातील व्यापार, भारताचे राष्ट्रीय उत्पन्न, ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्था, भारतातील जाती. लंडनला गेल्यावर रुपयाचा प्रश्न. परदेशी जाऊन त्यांनी आपल्याच देशाचा अभ्यास केला! क्षेत्रीय अध्ययन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ते करून दाखवले. फरक एवढाच की, ज्या क्षेत्राचा अभ्यास चालला होता त्या क्षेत्रातला सर्वांत तळचा माणूस अभ्यासकाच्या खुर्चीत बसला होता.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी सरकारला निवेदन दिले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला. नुसत्या साक्षरतेने समाज वर येत नाही, मोक्याच्या जागांवर पोहोचणारी उच्चशिक्षित माणसे हवीत, हा त्यामागचा विचार होता. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली, ती याच वाटेवर. महाराष्ट्रात २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे. शाहू महाराजांनी बाबासाहेबांना लंडनच्या शिक्षणासाठी मदत केली होती, म्हणून हे नाव शोभूनच दिसते.

अशी ही परंपरा असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक नवी ओळ घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन यांवर संशोधन करणाऱ्यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही! त्या वर्षी एकूण जागा १२५. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, बाकीच्या विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. म्हणजे ज्यांच्या जगण्यावर जगभर प्रबंध लिहिले जातात, नेमक्या त्यांच्याच मुलांना सांगण्यात आले की, परदेशी जा, हवे ते शिका, पण स्वतःविषयी बोलू नका.

सरकारी बाजूने कारण सांगण्यात आले ते असे की, भारताविषयीच्या विषयांची साधने आणि तज्ज्ञ भारतातच आहेत, त्यासाठी परदेशी जायची गरज काय? वरवर पाहता हे पटण्यासारखे वाटते. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, साधने भारतातच आहेत हे पूर्ण खरे नाही. मिलोच्या पैशांतून गेलेली पुस्तके कुठे आहेत ते वर सांगितलेच आहे. दुसरी गोष्ट, समाजशास्त्र हे तुलनेचे शास्त्र आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न, दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद, जपानमधील बुराकू समाजाचा प्रश्न यांच्या शेजारी जात ठेवून पाहिली म्हणजे तिचा चेहरा स्पष्ट होतो. हे शेजार ज्या विद्यापीठांत मिळते तिथे गेलेच पाहिजे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आपल्या विद्यापीठांत मार्गदर्शक कोण, विषय मंजूर करणारी समिती कोणाची आणि मुलाखतीत गुण देणारे कोण? जो विद्यार्थी जातीवर बोलू पाहतो त्याला मोकळेपणाने बोलता येईल अशी जागा शोधण्याचा हक्क आहे. बाबासाहेबांना १९१६ मध्ये तो निबंध मुंबईत वाचता आला असता काय?

आणि चौथी गोष्ट तर अगदी सरळ आहे. २०२२ ची ही ओळ १९१३ मध्ये असती तर जातींवरचा निबंध लिहिण्यासाठी बाबासाहेबांना छदामही मिळाला नसता. शेती, रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र घ्या, असे त्यांना सांगण्यात आले असते. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचा आणि बाबासाहेबांनी जे केले ते त्यांच्या लेकरांना करू द्यायचे नाही, याला काय म्हणावे? आणखी एक नोंद करून ठेवू. २०२५ च्या जुलैमध्ये याच शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले. त्यांतल्या ४० जणांनाच आधी तात्पुरती पत्रे गेली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी असेल तसे कळवू, असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हातात आहे, सत्र सुरू व्हायला काही आठवडे उरले आहेत आणि घरी बाप म्हणतो आहे, सरकारचे पत्र आले का? ज्यांनी हे भोगले त्यांनाच त्याची किंमत ठाऊक.

या भिंतींना भेदून काही माणसे पुढे गेली आहेत, हे सांगितलेच पाहिजे. पुण्याच्या येरवड्यातील झोपडपट्टीत वाढलेल्या शैलजा पाईक इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. दलित स्त्रियांचे शिक्षण आणि तमाशातील स्त्रिया हे त्यांचे विषय. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली. नांदेडच्या सूरज एंगडे यांनी जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि २०१९ मध्ये 'कास्ट मॅटर्स' हा ग्रंथ लिहिला. आता अभ्यासाचा विषय स्वतः अभ्यासकाच्या खुर्चीत बसू लागला आहे. परंतु ही नावे बोटांवर मोजता येतात, आणि तेच आमचे दुःख आहे.

गरज तर पूर्वीपेक्षा वाढली आहे. जात विमानात बसून परदेशी पोहोचली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक मात्र गव्हर्नरांनी नामंजूर केले. विधेयकाला विरोध करणाऱ्यांकडे पैसा होता, वकील होते, प्राध्यापकही होते. अशा वेळी जात म्हणजे काय हे जगाला पुराव्यासह सांगणारी माणसे आपल्या घरातून निघाली नाहीत तर दुसरे कोणीतरी आपल्या वतीने बोलेल, किंवा आपल्या विरुद्ध.

आता त्या मुलीच्या वस्तीविषयी. कुळगावावर डॉक्टरेट होण्यासारखे काय आहे, असे हसणाऱ्यांना वाटले असेल. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या तीन शहरांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी लष्कराच्या रिकाम्या छावणीचे नाव उल्हासनगर झाले. फाळणीत सर्वस्व गमावलेला सिंधी समाज तिथे वसला. त्या छावणीची सफाई कोणी केली, तिच्या कारखान्यांत कोण राबले? अंबरनाथला आयुध निर्माणी आली, आगपेट्यांचा कारखाना आला. त्यांत आपली माणसे कोणत्या खात्यांत लागली, कोणत्या खात्यांत लागली नाहीत? बारवी धरणाच्या वाढीव उंचीपायी कोणाला घरदार सोडावे लागले? मुंबईतल्या चाळी आणि झोपडपट्ट्या सोडून बदलापूरला स्वस्त घर घेणाऱ्या बौद्ध कुटुंबांना घर देताना आडनाव विचारले गेले काय? पहाटेच्या लोकलने मुंबईत धुणीभांडी आणि साफसफाईला जाणाऱ्या स्त्रियांच्या दिवसाचा हिशेब कोणी मांडला? यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक प्रबंध आहे.

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. स्थळ, काम आणि माणसे यांचा एकत्र अभ्यास करा, गावात फिरून पाहणी करा, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांनंतर त्याच विभागाच्या बाकावर बसलेली कुळगावची मुलगी आपली वस्ती अभ्यासायला मागते, तेव्हा ती शास्त्राच्या मुळाशीच जाऊन बोलत असते. हसणाऱ्यांना हे माहीत नव्हते, इतकेच.

सरकारला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकांवर एका रात्रीत जेवढा पैसा जातो, तेवढ्यात विहारातले एक कपाट पुस्तकांनी भरते. आपल्या घरातले वडीलधारे रिपब्लिकन पक्षाच्या सभांची पत्रके, दीक्षा समारंभाची छायाचित्रे, कामगार संघटनेच्या पावत्या, पंचमंडळाच्या वह्या जपून ठेवतात; त्यांच्या मागे आपण घर रंगवायला काढतो आणि ते सारे रद्दीत जाते. परदेशी अभ्यासक आला की त्याच कागदांसाठी तो दारोदार फिरतो! वसंत मून यांनी कागदांची किंमत ओळखली होती, म्हणून बाबासाहेबांचे खंड आपल्या हाती आले.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. प्रत्येक विहाराने एक पेटी ठेवावी आणि वस्तीतले जुने कागद, छायाचित्रे, वह्या तीत जमा कराव्यात. कोणाच्या घरचे, कोणत्या साली, एवढी नोंद त्यावर असावी. सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांच्या आठवणी मुलांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. मिलोची भाकरी, पहिली खोली, पहिला पगार सारे त्यात यावे. आणि परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम दलालांच्या हाती न देता आपल्यातल्या शिक्षकांनी, नोकरदारांनी वस्तीतच करावे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, विद्यापीठाचे पत्र यांतल्या एका कागदासाठी मूल वर्षभर मागे पडते. आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत एकच प्रश्न लावून धरावा: २०२२ ची ती ओळ कायमची खोडली पाहिजे. मुलाने काय शिकावे हे मूल ठरवील.

गेल ऑम्व्हेट मिनियापोलिसहून कासेगावला आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांचे ऋण मान्य करण्याचा सर्वांत चांगला मार्ग त्यांच्या फोटोला हार घालणे हा नव्हे. कुळगावहून कोणीतरी बर्कलेला जावे, तिथल्या कपाटातले मराठी पुस्तक उघडावे आणि आपल्या वस्तीचा इतिहास आपल्या अक्षरात लिहून परत यावे, हा आहे.

त्या मुलीला विहारात उत्तर मिळाले नाही, म्हणून इथे देतो. होय बाळ, होता येईल. बाबासाहेब झाले होते. पुढच्या रविवारी येताना अर्ज घेऊन ये. आम्ही सारे मिळून भरू.